बेचाळिसावी

टाकीतल्या माशांना एल्डन कोर्कम 'पेन्शनर' म्हणायचा. वेळेवर खाणं, वेळेवर औषध, डोक्यावर छप्पर आणि जन्मभर कामाचं नाव नको. सॅल्मनच्या जातीत जन्माला यायचं आणि समुद्राचं तोंड पाहायचं नाही, यापरती नामुष्की नाही, असं तो मत्स्यपैदास केंद्र बघायला आलेल्या शाळकरी मुलांना तोंडावर सांगे. मग त्यांच्या बाई घाईघाईने मुलांना पलीकडच्या खोलीत नेत.

पण त्या पेन्शनरांखेरीज टेनिकूक नदीकडे आता काहीच उरलं नव्हतं. नदीतले शेवटचे जंगली सॅल्मन बावीस वर्षांपूर्वी एल्डननेच जाळं लावून धरले होते. त्यांची पोरं, नातवंडं, पणतवंडं या हिरव्या गोल टाक्यांमध्ये पैदाशीसाठी पोसली जात होती. दरवर्षी त्यांची पिल्लं नदीत सोडायची, ती फंडीच्या आखातात उतरायची, आणि पुढे त्यांचं काय व्हायचं ते देव जाणे. गेल्या अकरा वर्षांत समुद्रातून एकही मासा परत आला नव्हता. यंदा मत्स्यखात्यातल्या खुर्च्या उबवणाऱ्यांनी पत्र धाडलं होतं: डिसेंबरअखेर परतलेला एक तरी मासा दाखवा, नाहीतर केंद्र बंद आणि माशांची विल्हेवाट. एल्डनने ते पत्र चहाच्या मगाखाली ठेवून त्यावर गोल डाग पाडला. त्या नदीवर त्याचा जीव होता, आणि ते कुणाला कळलं असतं तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

नोव्हेंबरातली ती सकाळ गाभोळी काढायची होती. या केंद्रातली लग्नं संगणक जुळवतो. माशाच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप असते, वरून यंत्राची दांडी फिरवली की 'टुक्' होऊन त्याचा नंबर दिसतो, आणि कोणाचं सूत कोणाशी जमवायचं याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, म्हणजे भावाबहिणीची गाठ पडायला नको. सतराला नऊ, बावीसला चार. सतरा नंबरची मादी आणि नऊ नंबरचा नर, दोघंही चार वर्षांचे, दोघांची पहिलीच खेप.

"बेचाळीस," टाकीवर वाकलेली डेल्फीन कोमो म्हणाली. केंद्रात एल्डनच्या हाताखाली ती एकटीच उरली होती. तिच्या गालात नेहमीप्रमाणे वाळवलेलं समुद्रशेवाळ होतं.

"गणितात किती वेळा नापास झालीस गं? एक्केचाळीस आहेत."

"तूच मोज की मग, शहाण्या."

एल्डनने मोजले. परत मोजले. मग एकेक मासा जाळीत घेऊन दांडी फिरवायला लागला. सतराच्या पोटावरून डेल्फीनने अंगठा फिरवला तशी नारिंगी गाभोळी भांड्यात सांडली. वर नऊचं पांढरं पाणी पिळलं, पिसाने ढवळलं, ट्रेवर चिठ्ठी लावली. गुंगीच्या औषधातले पेन्शनर शुद्धीवर येऊन परत आपल्या टाकीत गेले. दुपारपर्यंत एक्केचाळीस वेळा 'टुक्' झालं.

बेचाळिसाव्या वेळी झालं नाही.

जाळीत एक मादी होती. टाकीतल्या माशांची नाकं भिंतीला घासून सोललेली असतात, पर झिजून फाटक्या पंख्यासारखे होतात. हिचे सगळे पर धारदार होते आणि अंग चांदीचं. केंद्रातून सोडलेल्या प्रत्येक पिल्लाच्या शेपटीजवळचा छोटा पर खूण म्हणून कापलेला असतो. हिचा तो शाबूत होता. तिला उलटं करताच डेल्फीनचं शेवाळ चघळणं थांबलं. पोटाखाली समुद्री उवा चिकटल्या होत्या, तपकिरी, जिवंत, मागे अंड्यांचे लांब दोरे लोंबत असलेल्या.

गोड्या पाण्यात ते दोरे दोन दिवसही टिकत नाहीत. समुद्र तिथून चाळीस किलोमीटर होता. टाकीचं पाणी विहिरीचं, टाकीवर जाळी, दाराला कुलूप, आणि किल्ली एल्डनच्या खिशात.

"गळवाल्या क्लबातले रिकामटेकडे," एल्डन म्हणाला. "आखातातून पकडून आणून टाकलीय. मी कसा उड्या मारतो ते बघायचंय त्यांना."

"कुठून टाकली पण?"

"चोराला वाट विचारायची नसते."

"एल्डन, पोट बघ हिचं. भरलीय. चार दिवस बाजूच्या टाकीत ठेवूया ना. समजा ही खरंच परत आलेली..."

"परत आलेली? कुलूप उघडून? तुझ्या आजीच्या गोष्टीत होत असेल तसलं. हिच्या अंगातून रोग पसरला तर एक्केचाळीस मासे तू आणून देणार आहेस का?"

नियम त्याच्या बाजूने होता. अनोळखी मासा तासभरही ठेवायचा नाही. भिंतीवर ते आखूड लाकडी दांडकं टांगलेलं होतं, ज्याला इकडचे मच्छीमार 'पाद्री' म्हणतात, कारण शेवटचा आशीर्वाद तेच देतं. एल्डनने पाद्री काढला आणि उजवा हात वर केला. अशा वेळी मासे टेबलावर थयथयाट करतात. ती मात्र अजिबात हलली नाही. त्याचा हात खाली येईपर्यंत ती त्याच्याकडेच पाहत राहिली, मग कुशीवर पडली आणि तिचं तोंड उघडं राहिलं.

गाभोळीसकट तिला भट्टीत घालून जाळलं. 'बाहेरचा मासा, खोडसाळपणे आणून टाकलेला,' असं लिहून एल्डनने खाली झोकदार सही ठोकली. डेल्फीनने सवयीने पराचा तुकडा आणि चार खवले पाकिटात घालून घेतले होते. पराचा तुकडा प्रयोगशाळेला गेला, खवले खणात पडून राहिले.

जानेवारीत प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"तुमच्या त्या बेचाळीस नंबरच्या नमुन्याची आई सतरा आणि बाप नऊ. शंकाच नाही."

एल्डन पोटभर हसला. "बाई, सतरा आणि नऊची पोरं अजून अंड्यात आहेत. शेजारच्या खोलीत. परवाच डोळे दिसायला लागलेत."

"मग त्यांच्या आधीच्या खेपेची असेल."

"आधीची खेप नाही. त्या पोरा-पोरीचं हे पहिलंच लग्न. तुम्ही पाकिटं बदललीत, ते कबूल करा."

"दोनदा तपासलंय, मिस्टर कोर्कम," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा मी स्वतः."

फोन ठेवून त्याने प्रयोगशाळा, सरकार आणि शिकलेल्या बायका यांचा मोठ्याने उद्धार केला. मग दार लावून घेतलं आणि खणातलं पाकीट काढलं. खवल्यावरची वयाची वलयं वाचायला त्याला कोणाची गरज नव्हती. आयुष्यभर तेच केलं होतं. भिंगाखाली दाटीवाटीची बारीक वलयं दिसली: नदीतले दोन हिवाळे. त्यापुढे ऐसपैस, मोकळी वलयं: समुद्रातले दोन हिवाळे.

टाकीतल्या माशाला अशी वलयं पडत नाहीत. आपण काय जाळलं हे एल्डनला कळलं होतं, पण शेजारच्या खोलीत अजून अंड्यात असलेली पोर समुद्रातून परत आली कशी ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने खात्यात फोन केला. एक मासा परत आला होता, म्हणाला.

"कोणता मासा?" साहेबांनी विचारलं. कागद चाळल्याचा आवाज आला. "हा? अरे एल्डन, हा तर खोडसाळपणा. तुझीच सही आहे खाली. आता शेवटच्या घटकेला तूसुद्धा गोष्टी रचायला लागलास?" आणि ते हसले, अगदी एल्डनसारखेच.

केंद्र बंद झालं. फेब्रुवारीत एक्केचाळीस पेन्शनर एल्डनने स्वतः औषध घालून कायमचे झोपवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्या संध्याकाळी तो टाकीच्या काठावर बसून लहान मुलासारखा रडला, आणि डेल्फीन आत आल्यावर तिच्यावरच खेकसला. अंड्यांचे ट्रेही रिकामे करायचे होते. त्याने ते केले. सतरा-नऊचा तेवढा ठेवला.

"आणि बाकीची?" डेल्फीनने विचारलं.

"बाकीच्यांपैकी कोणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

ट्रे तिच्या घरी गेला, तळघरात. पिल्लं निघाली, खायला लागली. त्यांना चारायचं कामही तीच करायची. एल्डन दारातूनच खुशाली विचारायचा आणि निघून जायचा.

मे महिन्यात वरच्या अंगाला, जिथे नदी गोट्यांवरून पातळ वाहते, तिथे दोघं दोन बादल्या घेऊन उतरले. अकराशे पिल्लं होती, करंगळीच्या पेराएवढी. सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन स्वच्छ होतं.

"पर कापायचा का?" डेल्फीनने विचारलं. "खुणेचा?"

"नको."



त्यांनी बादल्या तिरक्या केल्या. पिल्लं गोट्यांवर पसरली, तोंडं प्रवाहाकडे करून स्थिरावली. डेल्फीनच्या बुटांभोवती ती बिनधास्त फिरत होती. एल्डनच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

"निघा आता," तो म्हणाला. "फुकटे लेकाचे."

ऊन डोळ्यांवर आलं म्हणून त्याने उजवा हात वर केला.

अकराशे पिल्लं एकदम कुशीवर पडली.

वाहून गेली नाहीत. तळाशी, गोट्यांवर, जिथल्या तिथे, कल्ले बंद, तोंडं उघडी.

डेल्फीनने स्वतःचा हात उचलून पाहिला. काही झालं नाही.

"एल्डन," ती हळूच म्हणाली, "हात खाली घे."

त्याने घेतला. सावकाश.

एकेक पिल्लू सरळ झालं. मग ती घोळक्याने खाली निघाली, आखाताच्या दिशेने. त्याला मधे ठेवून प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहत होता. त्याच्या उजव्या हाताच्या बाजूने एकही पिल्लू गेलं नाही.