बंद थिएटरातला श्वास

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हसू नका. त्या दुपारी थिएटरात सगळे हसले होते आणि माझा मामा एकटाच रडत होता.

मामा सिनेमांसाठी आवाज रेकॉर्ड करतो. बहुतेक स्वस्तातले, भीतीचे सिनेमे. त्यात हाड मोडलं की समजायचं, मामाने काकडी मोडली. गेल्या वर्षी त्याच्याकडे एक भन्नाट सिनेमा आला. त्यात यंत्रं माणसांवर उलटतात. मिक्सर पाठलाग करतो, इस्त्री उडत येते आणि तळघरातलं एक अवाढव्य वॉशिंग मशीन माणसं गिळतं. मशीन म्हणजे नुसता रंगवलेला पुठ्ठा. दिग्दर्शकाला मात्र त्या पुठ्ठ्याचा श्वास हवा होता.

मामाने सायकलचा पंप लावून पाहिला, फुगे लावून पाहिले. काही जमेना.

शेवटी मामीच म्हणाली, "अहो, गावभर काय शोधताय? माझ्या उशाशी आहे की भूत!"

मामीची फुप्फुसं अधू आहेत. उशाशी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. मशीन सतत घुर्रर्र... फुस्स करायचं. त्या आवाजावर सगळं घर निर्धास्त झोपायचं.

एका रविवारी भर दुपारी मामाने खिडक्या लावल्या. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. आवाजवाल्यांची ही जुनी युक्ती. निघताना किल्ली शोधली की फ्रिज आठवतोच.

"फ्रिजची एवढी काळजी! माझी आठवण राहावी म्हणून काय ठेवता हो?" मामीने टोमणा मारला.

"गप बस, रेकॉर्ड होतंय." दोघंही हसली.

काम झालं. मामाने रेकॉर्डर बंद केला. आणि...

मशीनचा आवाज थांबला.

मामा मशीनकडे धावला. पण हिरवा दिवा लागलेला होता, नळीतून हवाही येत होती. फक्त आवाज नव्हता. दुरुस्तीवाल्याने मशीन उघडून पाहिलं. "काका, लोक आवाज येतो म्हणून तक्रार करतात. तुमचं उलटंच!"

तेव्हापासून घरात कुणाला धड झोप लागेना. मामी मधूनच नाकाखाली बोट धरून हवा तपासायची.

मग स्टुडिओत सिनेमाचा शेवट आला. हिरो प्लग उपसतो आणि मशीन मरतं. मामाने तिथे श्वास कापला. तेवढ्यात...

फोन वाजला. मुलगी रडत होती. "बाबा, मशीन बंद पडलं! आईचे ओठ निळे पडलेत!"

मामाला काय सुचलं देव जाणे. त्याने श्वास पुन्हा सुरू केला.

"आलं, बाबा! चालू झालं!"

हा योगायोग आहे का, हे पुन्हा थांबवून पाहायची त्याची छाती झाली नाही.

तो दिग्दर्शकाच्या हातापाया पडला. "यंत्राला मारू नका. श्वास राहू द्या."

"अहो, अख्ख्या सिनेमात तेवढंच एक जमलंय!"

दिग्दर्शकाने काम दुसऱ्याकडून उरकून घेतलं. त्या माणसाने श्वास कापला तेव्हा घरचं मशीन पुन्हा काही वेळ थांबलं. जादा सिलिंडरवर मामी कशीबशी तगली. तो सिलिंडर संपला आणि नवा यायच्या आत सिनेमाच लागला.

सिनेमा एकाच जुन्या थिएटरात लागला होता. पहिल्या खेळाला मामा जाऊन ऑपरेटरला भेटला. "शेवटची दोन मिनिटं दाखवू नकोस रे."

"लोक खुर्च्या मोडतील!" ऑपरेटर म्हणाला.

मिक्सर धावला, लोक हसले. इस्त्री उडाली, लोक हसले. मग...

घुर्रर्र... फुस्स.

थिएटर चिडीचूप झालं. पडद्यावर हिरोने प्लगला हात घातला. मामा खुर्चीवर उभा राहिला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "ओढू नकोस! हात जोडतो तुझ्यापुढे, ओढू नकोस!"

लोक हसून हसून बेजार झाले. कुणीतरी शिट्टी मारली. हिरोने प्लग उपसला.

श्वास...

थांबला नाही.

नावं संपली. पडदा पांढरा झाला. लोक घरी गेले. घुर्रर्र... फुस्स. ऑपरेटर धावत आला. "अरे, स्पीकर मी कधीच बंद केलेत."

मुलगी फोन उचलत नव्हती. मामा घरी पळत सुटला.

घरात वीज गेली होती. मशीनचा दिवा विझलेला. मुलगी सिलिंडर आणायला धावली होती. पलंग रिकामा होता. आणि मामी...

खिडकीत उभी होती. नाकात नळी नव्हती.

"अहो, किती मोकळं वाटतंय," ती म्हणाली.

मशीन आता माळ्यावर आहे. मामी जिने चढते, भांडते, खळखळून हसते. फुप्फुसं मात्र तशीच अधू आहेत. डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि पुन्हा तपासणी करायला सांगतात.

थिएटरातला तो श्वास मात्र थांबेना, त्यामुळे तिथे दुसरा सिनेमा चालेना. ते बंद पडलं. मालकाने वैतागून किल्ली मामाच्या हातात दिली. मामा रोज सकाळी तिथे जातो, अंधारात बसून ऐकतो आणि घरी येतो. मामीला यातलं काही ठाऊक नाही. मीही एकदा आत जाऊन तो आवाज ऐकलाय. पुन्हा जायची इच्छा नाही.

आता ती जागा विकली गेलीय. मालक किल्ली मागतोय. मामाने ती फ्रिजमध्ये लपवली.

आज सकाळी थिएटरच्या दारात बुलडोझर येऊन उभा राहिला. त्याला किल्ली लागत नाही. मामा त्याच्यापुढे आडवा पडलाय, असं ऑपरेटरने कळवलं. मी निघणार तेवढ्यात मामीचा फोन आला.

"अरे, मामा कुठे गेलेत? फ्रिजमध्ये कसलीशी किल्ली सापडली बघ. काय विसरू नये म्हणून ठेवलीय कोण जाणे!"

ती हसली.

"आज जरा... धाप लागतेय रे."