वर येण्याचा विमा

टाकीवाल्यांच्या घरी त्या सकाळी वाद पेटला होता तो विम्यावरून.

लेक आणि जावई पुढच्या महिन्यात बेटांवर डायव्हिंगला निघाले होते. तिकिटं झाली होती, हॉटेल झालं होतं, प्रवासाचा विमाही झाला होता. सामान हरवलं, विमान चुकलं, पाय मोडला, ताप आला, सगळ्याची सोय त्यात होती. पाण्याखालच्या अपघाताचं नाव काढलं की मात्र तो विमा काखा वर करत होता. त्यासाठी डायव्हिंगवाल्यांचा जादा विमा घ्यावा लागतो. तो घ्यायचा की नाही, यावर बोलता बोलता चहा गार झाला होता.

"बाबा, आम्ही काही मोती शोधायला नाही चाललोय," लेक म्हणाली. "रंगीत मासे बघायचे, फोटो काढायचे, वर यायचं. एवढ्याशा खोलीला कसला जादा विमा? नसती भानगड."

"खाली कुणीही जातं गं मासोळी," टाकीवाले म्हणाले. "त्याला काय विमा हवाय? हा वर येण्याचा विमा असतो."

जावई टोस्ट खात होता. सासरा आणि बायको यांच्या मध्ये पडणाऱ्याला कुठलाच विमा वाचवत नाही, हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

टाकीवाले हे नाव त्यांना पाण्याच्या टाकीवरून पडलं नव्हतं. बंदराजवळच्या इस्पितळात, मागच्या अंगाला, एक आडवी पोलादी टाकी होती. छोट्या बसएवढी, पांढऱ्या रंगाची, बाजूला गोल काचा बसवलेली. पाण्यातून घाईनं वर आलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे धरतात, सोड्याची बाटली फटकन उघडावी तसे. त्याला या टाकीत घालायचं, हवेचा दाब वाढवत न्यायचा आणि मग मुंगीच्या पावलानं उतरवायचा. बाहेर बसून दाब सांभाळण्याचं काम टाकीवाल्यांनी नोकरीभर केलं.

रोग्यासोबत आत बसायच्या त्या सिस्टर. अख्खं बंदर त्यांना सिस्टर म्हणायचं. टाकीवाल्यांनी त्यांच्याशी लग्न केलं, तरी त्यांच्या तोंडून 'सिस्टर' काही सुटलं नाही. लोक पोट धरून हसायचे. "सवयीचा गुलाम आहे हो," सिस्टर म्हणायच्या, "चालायचंच."

दाबाखालच्या हवेत माणसाचा आवाज बदलतो. बारीक होतो, नाकातून येतो, पत्र्याच्या खेळण्यासारखा वाजतो. लेक लहान असताना शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच यायची, खोक्यावर चढून गोल काचेला नाक लावायची. आतून सिस्टर काचेवर तळवा टेकवायच्या, बाहेरून ही. मग भिंतीवरच्या स्पीकरमधून तो बारीक आवाज यायचा, "डबा संपवलास का?" आणि लेक हसून लोटपोट व्हायची. इतर मुलांच्या आयांना दोन आवाज नव्हते.

सिस्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. साध्या न्यूमोनियानं, घरच्या पलंगावर गेल्या. टाकीचा त्यात काही संबंध नव्हता.

"आज दुपारी टाकी भंगारात जातेय," टाकीवाले कप विसळत म्हणाले. "एकदा आत बसून बघ. माणूस वर यायला किती वेळ लागतो ते कळू दे. मग हवं तर विमा नको म्हण."

विम्यासाठी लेक उठली नसती. आईची जागा बघायला उठली.

इस्पितळाच्या मागचा तो हॉल उन्हानं भरलेला होता. कंप्रेसर नेलेला होता, त्याच्या जागी जमिनीवर तेलाचा चौकोनी डाग उरला होता. नळ्या कापून त्यांची तोंडं उघडीच ठेवलेली. घड्याळासारखी मोठी दाबमापकं कुणीतरी काढून नेली होती आणि नियंत्रणाच्या पटलावर नुसती गोल भोकं होती. टाकीचं जाडजूड दार बिजागऱ्यांवरून उतरवून भिंतीला टेकवलेलं. दाराच्या जागी एक गोल, काळं, उघडं तोंड.

"किती लहान झालीय ही," लेक म्हणाली.

"तू मोठी झालीस."

ती वाकून आत गेली. टाकीवाले नकळत आपल्या जुन्या स्टुलावर बसले. पटलासमोर बसल्यावर हात आपोआप झडपेच्या चाकाकडे गेला. चाक होतं, पण त्याच्या पुढे काहीच नव्हतं. दोन्हीकडून कापलेलं.

"बाबा, इथे बसायची ना आई? डावीकडच्या बाकावर?"

"तिथेच. रोग्याच्या डोक्याशी."

"रबराचा वास आहे अजून. आणि स्पिरिटचा. आणि तिच्या त्या टाल्कमचा."

टाकीवाल्यांनी डोळे मिटले. कितीतरी दुपारी अशाच गेल्या होत्या. आत कुणीतरी कण्हत असायचं, सिस्टर त्याला शेजारणींच्या गोष्टी सांगायच्या, मासळीच्या भावावरून भांडायच्या, आणि स्पीकरमधून ते सगळं बाहेर ऐकू यायचं. संसारातली अर्धी बोलणी त्यांनी अशी पोलादाच्या आरपार केली होती. घरी गेल्यावर बोलायला काही उरायचंच नाही. मग दोघं मुकाट जेवायची, आणि तेही छान वाटायचं.

"बाबा, केवढं उकडतंय आत."

"ऊन आहे."

"आणि कानांना दडे बसलेत. विमान उतरताना बसतात तसे."

टाकीवाल्यांनी डोळे उघडले. दाब चढायला लागला की हवा तापते. कानांना दडे बसतात. पहिल्यांदा आत जाणारा प्रत्येक माणूस याच क्रमानं हेच सांगतो.

त्यांनी दाराच्या जागेकडे पाहिलं. उघडं तोंड तसंच होतं. उन्हाची तिरीप त्यातून सरळ आत गेली होती.

"आवंढा गीळ," ते म्हणाले. सवयीचा गुलाम.

"गिळला. आता बरं वाटतंय. बाबा, बसू का थोडा वेळ? छान वाटतंय इथे."

ती बसली. बराच वेळ बसली. लहानपणचं काहीबाही बोलत राहिली, दप्तराचं, खोक्याचं, आईच्या पांढऱ्या बुटांचं. टाकीवाले हुंकार देत होते. बोलता बोलता कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की लेकीचा आवाज बारीक झालाय. नाकातून येतोय. पत्र्याच्या खेळण्यासारखा.

ते टाकीच्या तोंडाकडे वाकले.

"मासोळी, चल. निघू या."

"अहो, सावकाश," स्पीकर म्हणाला.

भिंतीवरचा स्पीकर. त्याच्या वायरी तुटून खाली लोंबत होत्या.

"शेवटचा टप्पा राहिलाय," तोच आवाज पुढे म्हणाला. थकलेला, मायेचा, रोजचा. "दार उघडू नका."

दार भिंतीला टेकलेलं होतं.

टाकीवाले उठले. स्टूल पडलं. त्यांनी आत धाव घेतली, लेकीचं मनगट धरलं आणि तिला ओढून बाहेर काढलं. कुठल्याही रोग्याला ज्यांनी कधी घाईनं बाहेर आणलं नव्हतं, त्यांनी पोटच्या पोरीला एका हिसक्यात आणलं.

"बाबा! हात उपटून येईल माझा!"

तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. तिच्या मागे, टाकीच्या तोंडाशी, पांढरं धुकं तरंगत होतं. दाब एकदम उतरला की हवेचं असं धुकं होतं. उन्हात ते हळूहळू विरलं.

"तू काही ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही. चल."

दोघं घरी आली. जेवताना लेकीच्या हातातून चमचा पडला. "कोपर ठणकतंय," ती म्हणाली, "तुम्ही ओढलंत ना, त्यानं." मग खांद्याला खाज सुटली म्हणून तिनं बाही वर केली.

खांद्यावर जांभळट जाळी उमटली होती. संगमरवरात रेषा असतात तशी.

"अ‍ॅलर्जी दिसतेय," जावई म्हणाला. "गोळी देऊ का?"

टाकीवाल्यांनी त्या जाळीवर बोट दाबलं. रंग गेला, बोट उचलताच परत आला. असे खांदे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. सगळे समुद्रातून आलेले.

"इस्पितळात फोन करा," ते जावयाला म्हणाले. "ऑक्सिजनवाली गाडी मागवा. दुसऱ्या शहरातल्या टाकीवर जायचंय. विमानानं नाही, उंचावर बुडबुडे वाढतात. रस्त्यानंच."

"पण ती पाण्यात कुठे गेली होती?"

"फोन करा हो आधी!"

जावयानं त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. त्यानं फोन उचलला.

वाटेत, इस्पितळाच्या वळणावर, एक लांब ट्रेलर गाडीच्या समोरून गेला. त्यावर साखळदंडांनी बांधलेली पांढरी टाकी होती. टाकीवाल्यांनी मान फिरवली आणि लेकीच्या तोंडावरचा मास्क नीट केला.

दुसऱ्या शहरातली टाकी नवी कोरी होती. तिथल्या डॉक्टरांनी खांदा पाहिला, कोपर पाहिलं.

"किती खोल गेला होतात?"

"गेल्या वर्षापासून समुद्रात पायसुद्धा घातला नाही," लेक म्हणाली.

"विम्याची भानगड असेल तर असू दे, मला खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"खरंच सांगतेय."

डॉक्टरांनी टाकीवाल्यांकडे पाहिलं. टाकीवाल्यांनी जमिनीकडे पाहिलं. पण लक्षणं तर समोर होती, आणि डॉक्टर माणूस कामाचा होता. त्यांनी टाकी तयार करायला सांगितली.

आत जाण्याआधी लेकीनं नवऱ्याचा हात धरला. "तो जादा विमा घेऊन टाक रे. दोघांचाही."

त्यानं तिथेच खिशातून फोन काढला. त्याचे डोळे भरले होते.

दार लागलं. एक तरुण नर्स आत सोबत गेली होती. दाब चढला तसं लेकीचं कोपर सैल झालं, कपाळावरची आठी गेली. सगळे बुडबुड्यांचेच खेळ, दुसरं काही असतं तर दाबानं उतरलं नसतं. बाहेर संध्याकाळचं ऊन कलत होतं. डॉक्टर निश्चिंत होऊन चहाला गेले. जावई बाकावर बसल्या बसल्या पेंगला.

टाकीवाले पटलाजवळ, ऑपरेटरच्या मागे उभे राहिले. एका टाकीवाल्यानं दुसऱ्याला ओळखलं होतं, त्यामुळे त्यानं त्यांना हटकलं नाही. मापकं आता काट्यांची नव्हती, आकड्यांची होती. बाकी सगळं तेच. आतल्या माणसांच्या उच्छ्वासानं हवा जड होत जाते. मग बाहेरच्यानं ताजी हवा सोडत राहायचं. किती सोडायची ते आत माणसं किती त्यावर.

ऑपरेटरनं झडप थोडी उघडली. आकड्यांकडे पाहिलं. अजून थोडी उघडली.

"काका," तो सहज म्हणाला, "आत दोघीच गेल्या ना?"

"हो. का?"

"काही नाही." त्यानं मापकावर टिचकी मारून पाहिली. "हवा तिघींची लागतेय."

टाकीवाल्यांनी गोल काचेतून आत पाहिलं. लेक डोळे मिटून पडली होती. नर्स तिच्या पायांशी बसून नाडी बघत होती. डोक्याशी असलेलं बाक रिकामं होतं.

"लागू द्या," ते हळूच म्हणाले. "झडप कमी करू नका."