साची मारूच्या पोटातलं पाणी

"आणखी एक बादली! इबुकी, खातोस काय? उपस!"

"ताई, मी एका हाताने खातोय आणि दुसऱ्या हाताने उपसतोय. दोन कामं एकदम करणाऱ्याचं या घरात कुणाला कौतुकच नाही!"

नागिसाने कपाळाला हात लावला. दहा वर्षांच्या या भावाला घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत बेटावर यायचं, म्हणजे एक जास्तीचं पोट घेऊन यायचं. पण आज तिला हसू येत नव्हतं. साची मारूत घोटाभर पाणी साचलं होतं, आणि दोघं बेटावर आल्यापासून अशी ही सलग तिसरी सकाळ होती.

साची मारू ही त्यांच्या आजीची होडी. फायबरची, जेमतेम सहा मीटर लांब आणि वयाने त्यांच्या आईएवढी. एके काळचा पांढरा रंग उन्हाने पिवळा पडलेला. मागचं इंजिन आधी खोकायचं, मग रुसायचं आणि आजीने दोन शब्द सुनावले की मुकाट्याने सुरू व्हायचं. समोरच्या छोट्या बेटावर आजीची संत्र्यांची बाग होती. तिथे पूल नाही, फेरीबोट नाही. शहात्तर वर्षांची तोमिए आजी रोज सकाळी गमबूट चढवून स्वतः होडी हाकत बागेत जायची. होडी गेली की बाग गेली, इतका सरळ हिशेब होता.

आजी धक्क्यावर उभी राहून पाण्याकडे बघत होती.

"बूच मी लावलं होतं," ती म्हणाली. होडीच्या मागच्या बाजूला, तळाशी पाणी सोडायचं भोक असतं, त्याचं ते बूच. मग जरा थांबून तिने हळूच विचारलं, "लावलं होतं ना गं?"

आजी कधी कुणाला विचारत नसे. ती सांगत असे! आणि आता घरभर चिठ्ठ्या लागल्या होत्या. दारावर 'बूच!', फ्रिजवर 'बूच!', गमबुटाच्या आतसुद्धा 'बूच!'. मात्सुयामा शहरातून कात्सुमी मामाचा रोज फोन यायचा. "आई, तुला आता आठवत नाही. एक दिवस भर समुद्रात बुडशील! ओबोनच्या सणाला येतोय मी परवा, तेव्हा काय ते ठरवू."

खरं सांगायचं तर काल क्षणभर नागिसालाही वाटून गेलं होतं, की मामाचंच बरोबर असेल. त्याची तिला आता फार लाज वाटत होती.

एवढ्यात रियोगो धावत आला. तो देवळातल्या पुजाऱ्यांचा मुलगा. बारा महिने बेटावर राहणारा, त्यामुळे बेटावरच्या दगडांनाही आपणच ओळखतो असं मानणारा. त्याने बोट पाण्यात बुडवून चाटलं.

"खारट! म्हणजे हे पावसाचं पाणी नाही."

"दहा दिवसांत पाऊसच पडला नाहीये," नागिसा म्हणाली. "त्यासाठी चाटायची काय गरज होती?"

"शोध लावायची एक पद्धत असते!" रियोगोने मान ताठ केली.

"मग माझीपण एक पद्धत ऐक."

त्या संध्याकाळी नागिसाने स्वतः बूच घट्ट पिरगाळलं आणि त्यावर आपली हिरवी रिबन आवळून बांधली. गाठ अशी, की सोडली तर पुन्हा तशी बांधता येणार नाही. आजीला यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे धक्क्यावर पळत गेले. गाठ जशीच्या तशी होती! आणि होडीत घोटाभर पाणी!

"आजी विसरत नाही!" नागिसा ओरडलीच. "बूच जागच्या जागी आहे! आजी काहीच विसरत नाही!"

तिघांनी टाळ्या दिल्या. मग इबुकी म्हणाला, "पण मग पाणी कुठून आलं? कुणी ओतलं?"

बंदरात एक म्हातारं मांजर सोडून कुणीच नव्हतं, तरी नागिसाला पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटलं. तिने मान वळवली. इंजिनं दुरुस्त करणारे ओनिशी काका आपल्या शेडच्या दारात उभे होते. नजरानजर होताच ते झटकन आत गेले!

"बघितलंस?" रियोगो कुजबुजला. "हल्ली आजी दिसली की ते तोंड फिरवतात. आणि त्यांच्या शेडसमोर नवी कोरी होडी विकायला ठेवलीय. जुनी बुडाल्याशिवाय नवी कोण घेणार?"

"आणि परवा पहाटे ते साची मारूवर उभे होते," इबुकी म्हणाला.

"हे तू आत्ता सांगतोस?"

"तुम्ही मला विचारता कुठे? नुसतं 'उपस, उपस' करता!"

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघे धक्क्यावरच्या ऑक्टोपस धरायच्या मडक्यांच्या ढिगामागे दडून बसले. इबुकीने सोबत चार ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणल्या होत्या. पहारा लांबला तर, असं त्याचं म्हणणं. त्यातल्या तीन संपल्या, तेवढ्यात पावलं वाजली. ओनिशी काका! हातात बादली! त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि अलगद साची मारूत पाय टाकला.

"पकडला!" तोंडात भात असतानाच इबुकी किंचाळला. "चोर! पाणीचोर!"

काका एवढे दचकले, की पाण्यात पडता पडता वाचले. "अरे, ओरडू नकोस! मी ओततोय कुठे? उपसतोय!"

मुलं पुढे झाली. होडीत गुडघ्याच्या खालीपर्यंत पाणी होतं. रोज घोटाभर दिसायचं ते काकांनी उपसून झाल्यावर उरलेलं!

"दोन महिने रोज उपसतोय," काका धापा टाकत म्हणाले. "तोमिए मावशींनी एक दिवस बुडालेली होडी पाहिली, तर त्या खचतील."

"मग दुरुस्त का नाही केलीत?" नागिसाने विचारलं.

काकांनी पुन्हा तोंड फिरवलं. पण नागिसा समोर जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यांना बोलावंच लागलं. "तुझ्या मामाने बजावलंय. होडीवर आता एक पैही घालू नका म्हणून. आज साडेदहाच्या फेरीने तो येतोय, होड्या कापणाऱ्या माणसाला घेऊन."

"कापणाऱ्या? आजीला माहीत आहे?"

"नाही. म्हणून तर मला त्यांच्याकडे बघवत नाही."

नागिसाचा चेहरा रागाने तापला. होडी आजीची, बाग आजीची आणि कापायचं ठरवणार मामा! तिने स्वतःला आवरलं. "काका, गळती कधीपासून आहे?"

"जूनपासून. मे महिन्यात होडी वर काढून तळाला रंग दिला, तेव्हा ठणठणीत होती. रंगही तुझ्या मामानेच दिला. म्हणाला, तुम्ही जा जेवायला, मीच लावतो."

बहीणभावाने एकमेकांकडे पाहिलं. मामाने आणि रंग? घरातला दिवा बदलायलाही जो माणूस बोलावतो, तो मामा? दाल में कुछ काला नव्हे, सगळी डाळच काळी होती!

"मे महिन्यात?" रियोगो एकदम म्हणाला. "थांबा, थांबा!" आणि काही न सांगता तो देवळाच्या पायऱ्यांकडे पळत सुटला.

साडेदहाच्या फेरीतून मामा उतरला. एका हातात शहरातल्या मिठाईचा खोका, मागे मोजपट्टी घेतलेला एक गृहस्थ. ओनिशी काकांनी तोवर साची मारू ढकलगाडीवर घेऊन उतारावर ओढून ठेवली होती. आजी बागेत जायला निघाली होती, ती तिथेच थबकली.

"कात्सुमी, हे कोण?"

मामाने रुमालाने मान पुसली. "आई, तुझ्याच जिवासाठी सगळं करतोय. रोज होडीत पाणी! तू बूच विसरतेस, तुला कळतही नाही..."

आता आजी मामाला चांगलीच फैलावर घेणार, असं मुलांना वाटलं. पण तिने होडीच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाली, "असेल बाबा. विसरत असेन."

नागिसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ही रडायची वेळ नव्हती. ती लाडात येऊन पुढे झाली. "मामा, जायच्या आधी साची मारूला एकदा आंघोळ घालू दे ना! इतकी वर्षं राबली बिचारी!"

"घाला, घाला," मामा घड्याळ बघत म्हणाला. "पण लवकर!"

"आंघोळ आतून घालायची हं!" इबुकीने बजावलं आणि घराकडे धूम ठोकली.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात आजीची भली मोठी बरणी होती. उमेबोशी, म्हणजे आंबट प्लमचं लोणचं, घालायचे दिवस असल्याने लाल शिसोच्या पानांचं गडद लाल पाणी घरात भरपूर होतं. नागिसाने होडीत नळाचं पाणी सोडलं आणि त्यात अख्खी बरणी रिकामी केली.

"माझं शिसो!" आजी ओरडली. "अगं, वर्षाचं लोणचं आहे ते!"

"आजी, दोनच मिनिटं! मग हवं तेवढं ओरड!"

इबुकीने होडीचा निळा तळ फडक्याने कोरडा केला आणि त्यावर मूठमूठ मैदा थापला. बघता बघता साची मारू खालून पांढरी झाली, आणि इबुकी सगळीकडून.

"हा काय पोरखेळ चाललाय?" मामाचा आवाज चढला.

"बूच बघा," नागिसा म्हणाली. "घट्ट आहे. वर माझी रिबन आहे. तिकडून एक थेंबही येत नाहीये. आता पुढे बघा!"

सगळे वाकले. मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग होडीच्या पुढच्या भागाखाली, पांढऱ्या मैद्यात एक लाल ठिपका उमटला. तो मोठा झाला, ओघळला, आणि टप! टप! टप! लाल थेंब काँक्रीटवर पडू लागले.

ओनिशी काका टुणकन होडीत चढले. पुढे खताची पोती असायची, तिथली चटई त्यांनी उचलली. खालचा लाकडी ठोकळा उखडून कसातरी परत दाबला होता आणि भोवती पांढरं रबरासारखं काहीतरी थापलं होतं. काकांनी ओढताच त्याची अख्खी पट्टी हातात आली.

"हे तर न्हाणीघरातलं सिलिकॉन! फरश्यांच्या फटीत भरायचं! हे होडीला लावणारा कोण शहाणा?"

मामाचा चेहरा मैद्यापेक्षा पांढरा झाला.

"त्या ठोकळ्यात काय होतं, ते मी दाखवतो!" वरून आवाज आला. रियोगो धापा टाकत उतरत होता, मागोमाग त्याचे पुजारी वडील. त्याच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली काड्यापेटीएवढी लाकडी डबी होती.

"फुनादामा!" आजी पुटपुटली. होडीची देवी. होडी बांधली त्या दिवशी तिच्या पोटात बसवलेली.

"मे महिन्यात कात्सुमी-सान घेऊन आले होते," पुजारी म्हणाले. "होडी मोडीत निघणार आहे, देवीला रीतसर निरोप द्या, असं म्हणाले. मला वाटलं, तोमिए-सानना ठाऊक असेल."

"म्हणूनच आधी देवी काढून घ्या म्हणालो होतो; ती आत असताना मी करवत लावत नाही," मोजपट्टीवाला घाईने म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

मामा खाली बघत होता. "डबी काढताना छिन्नी जरा खोल गेली. भोक पडलं. मी लगेच बुजवलं, वरून रंगही लावला. आई, शपथ! पाणी तिथून येत असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. मला खरंच वाटलं, तू विसरतेस."

आजी त्याच्याकडे वळली. ती ओरडली नाही.

"देवीला विचारलंस, कात्सुमी," ती म्हणाली. "आईला नाही विचारलंस."

मोजपट्टीवाल्याने पट्टी खिशात घातली आणि परतीची फेरी किती वाजता आहे, ते बघायला निघून गेला.

पुढचे तीन दिवस मामाची सुट्टी साची मारूच्या पोटात गेली. ओनिशी काकांनी त्याच्या हातात सँडपेपर दिला. "पाणी आणि मेण लागलेल्या फायबरला काही चिकटत नाही. आधी कोरडं कर, मग खरवडून खडबडीत कर!" फायबरमधली काचेची कूस अंगभर टोचून मामा रात्रंदिवस खाजवत होता. इबुकी शेजारी बसून कलिंगड खात त्याला धीर देत होता. मग काकांनी कापडाचे थर राळेत भिजवून भोकावर एकावर एक बसवले.

ठोकळा बंद करायच्या आधी आजीने डबी उघडली. आत दोन इवलेसे फासे, बारा जुनी नाणी, कागदाची बाहुला-बाहुली आणि दोऱ्याने बांधलेली काळ्याभोर केसांची बट.

"हे माझे," आजी हसली. "होडी बांधून घेतली तेव्हा तुमच्या आजोबांनी मागून घेतले होते." तिने कात्री उचलली. "नागिसा, इकडे ये. आता तुझे घालू."

नागिसाने मान पुढे केली. आजीने बट कापून जुन्या बटेशेजारी ठेवली आणि डबी पुजाऱ्यांच्या हातात दिली.

"मावशी, या पोरांनी माझे डोळे उघडले," ओनिशी काका म्हणाले. "मी नुसता उपसत बसलो. यांनी भोक शोधलं!"

"आणि माझं वर्षाचं शिसो संपवलं," आजी म्हणाली. पण तिघांच्याही डोक्यावरून तिचा खरखरीत हात फिरला. "शाब्बास. कुणी सांगितलं म्हणून खरं मानलं नाहीत तुम्ही. मीसुद्धा मानलं होतं रे."

ओबोन संपल्यावरच्या सकाळी नागिसा सगळ्यांच्या आधी धक्क्यावर पोहोचली. तिने होडीच्या तळाशी कोपरापर्यंत हात घातला. कोरडं! बोटांना नुसती सँडपेपरने खरवडलेली भुकटी लागली.

आजी आली. गमबूट काढून तिने आतली चिठ्ठी बाहेर काढली, चुरगाळली आणि खिशात टाकली. इंजिन खोकलं, रुसलं, दोन शब्द ऐकून सुरू झालं.

"आजी, बूच?" इबुकी ओनिगिरी चावत ओरडला.

"लावलंय," मागे वळूनही न बघता आजी म्हणाली, आणि तिने होडी बागेच्या दिशेने वळवली.