दीड फेरा

पोंभुर्ण्याच्या नाक्याजवळ करिष्माच्या गॅरेजसमोर पियुषची गाडी पहिल्यांदा बंद पडली, तो निव्वळ योगायोग होता. पुढच्या चार खेपा मात्र योगायोगाच्या नव्हत्या... आणि हे तिला कधीचंच कळलं होतं.

गाडी त्याच्या वडिलांमागे राहिलेली. जुनी मोटरसायकल, दोन सिलिंडरची. दोन्ही बाजूंना वेगळा कार्बोरेटर, वेगळा सायलेन्सर. तो राहायचा त्या ऊर्जानगरच्या मिस्त्र्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते. करिष्मानं हवेचे दोन्ही स्क्रू अलगद शेवटपर्यंत आवळले, दीड-दीड फेरा सोडले, मग कान लावून केसभर इकडे, केसभर तिकडे. शेवटी दोन सायलेन्सरांमागे दोन तळहात धरले. दोन्हींकडून सारखी फूक आली तशी ती हसली. मग वडिलांनी शिकवल्याप्रमाणे स्क्रूवरून शेजारच्या धातूपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. स्क्रू हललाच तर रेघ तुटते.

"मेंदी काढून राह्यली काय?" पियुषनं विचारलं.

"खूण करून राह्यली. तू काय पाहून राह्यला?"

"गाडी."

"गाडी इकडं आहे."

दुसऱ्या खेपेला डाव्या स्क्रूची रेघ तुटलेली दिसली. पाव फेरा आत. धक्क्यांनी स्क्रू सैल होतो, आवळत नाही कधी. करिष्मानं मान वर केली नाही. काळा पडलेला प्लग पुसला, स्क्रू जागेवर आणला, नवी रेघ ओढली आणि चहा ठेवला. आता यात तिची चूक म्हणायची तर म्हणा. पण आठ दिवस ज्या आवाजाची वाट पाहायची, तो आवाज बंद कोण करतं?

आज तो आला तेव्हा सकाळपासून आभाळ भरून होतं. बारीक पाऊस, कापणीला आलेलं धान आडवं झालेलं. गाडीवर मागे बॅग बांधलेली.

"भुसावळच्या प्लांटात नोकरी लागली. पक्की," तो म्हणाला. "आता इथूनच निघतो. म्हटलं... एकदा पाहून घेशील."

तिनं पाहिलं. डावी रेघ आजही तुटलेली होती.

"नाक्याच्या अलीकडं थांबून मीच फिरवत होतो तो," पियुष हळूच म्हणाला.

"दुसऱ्या खेपेलेच समजलं मले."

"मग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती... तर तू आला असता?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"चाल ना माह्यासंग. तुह्या बाबाले घेऊन चालू."

आत खाटेवर तिचे वडील, श्रावणभाऊ, पडून होते. तीन वर्षांपूर्वी लकव्यानं उजवं अंग गेलं. तेव्हापासून दिवसभर पान्यांचे, इंजिनांचे आवाज ऐकत पडायचं, एवढंच त्यांचं जगणं उरलं होतं.

"बाबा हे दुकान सोडत नाई," ती म्हणाली. "अन् मी बाबाले."

डावा स्क्रू तसाच ठेवला असता तर गाडीनं चंद्रपूरही गाठलं नसतं. तो संध्याकाळच्या आत परत आला असता. मोह झाला तिला, खूप झाला. मग तिनं स्क्रूड्रायव्हर त्याच्याच हातात दिला.

"बिघडवता येते तुले. आता लावाले शिक."

त्याच्या हातावर हात ठेवून तिनं स्क्रू आवळला, दीड फेरा सोडला. "ऐक... आवाज चढला काय? थांब. आता जरासा मागं." मग एका सायलेन्सरामागे त्याचा तळहात, दुसऱ्यामागे तिचा. फूक सारखी येत होती तरी दोघांनीही हात काढला नाही, बराच वेळ. रेघ मात्र तिनं ओढली नाही.

"हा स्क्रूड्रायव्हर ठेव," ती म्हणाली.

"मी येईन, करिष्मा."

"येजो. पण गाडी बिघडली म्हणून येऊ नको."

तो गेला. तो यायचा तेव्हा नाक्याच्या वळणावर गाडी हळू झाली की दर वेळी डावं सिलिंडर अडखळायचं आणि करिष्मा हातातलं काम टाकून दाराशी यायची. आजही ती दाराशी आली. वळणावर आवाज खाली आला, एकसारखा राहिला, आणि पुढे निघून गेला.

"बाई," आतून श्रावणभाऊ जड जिभेनं म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या वाजून राह्यल्या."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि दारातच रडत उभी राहिली.