घोट्यावरचा काळा पट्टा

शेफालीच्या थोरल्या भावाचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. त्याच साली, दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, ती भोरच्या एसटी स्टँडवर एका पायावर उभी होती आणि दुसऱ्या पायातला पट्टा वर ओढत होती. मोज्यासारखा चढवायचा, घोटा आवळून धरणारा पट्टा. विंझरहून निघाल्यापासून तो चौथ्यांदा घसरला होता.

"ते माप तुमचं न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून बघितलं. हातात चहाचा कप धरलेला एक सावळा, उंच तरुण. नजर तिच्या घोट्यावर.

"लोकांच्या पायाकडं बघत फिरता का?"

"धंदाच तो हाय." त्यानं कपानंच रस्त्यापलीकडचं दुकान दाखवलं. गुडघ्याचे, कमरेचे, मानेचे पट्टे दारात टांगलेले. "मी माऊली. भाटघरचा. मालक गल्ल्यावर बसत्यात, मी पट्टे बसवतो. कुणी घेतला हा?"

"आईनं."

"एक नंबर मोठा घेतला असंल. वाढत्या मापाचा."

शेफालीला हसू आलं. रतनबाईंनी अगदी तसंच केलं होतं. शाळेचा गणवेश, पावसाळी बूट, भावाच्या लग्नातलं पोलकं... त्या घरात सगळंच वाढत्या मापाचं यायचं. लेक बावीस वर्षांची झाली तरी आईची सवय गेली नव्हती.

"घोटा आता काय वाढत न्हाई," माऊली म्हणाला. "आवळून बसला तरच ह्याचा उपेग. सैल झाला की नुसता मोजा. खेळता का काय?"

"कबड्डी. चढाईला असते मी. दोन महिन्यांपूर्वी मुरगळला."

दुकानात त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि टेप तिच्या हातात दिली. "हाडाच्या वर, पाय जिथं सगळ्यात बारीक हाय तिथं फिरवा. मी आकडा वाचतो."

"मी का? धंदा तुमचा ना?"

"व्हय, पण... बाहेर तुमच्या गावचं कुणी उभं असंल तर..."

"असंल तर असू दे." तिनं टेप परत केली आणि पाय पुढं केला.

माऊली गुडघ्यावर बसला. टेप गार होती. तिनं वर पंख्याकडं बघितलं, मग खाली त्याच्या वाकलेल्या मानेकडं. बराच वेळ झाला.

"एकवीस वाचायला एवढा येळ लागतो?"

"आकडे लई बारीक हायेत," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

त्यानं दोन जाड पट्टे काढले. एक कातडीच्या रंगाचा, एक काळा. "रोज चप्पलीत घालायला पातळ चालतो. खेळायला हा जाड, वरनं आवळायला बंद असलेला. पण रंग हा अंगासारखाच घ्या. काळा दिसला की समोरच्या पोरी तिथंच हात घालतील."

"काळा द्या."

"अहो, पण —"

"दिसू दे की. घोटा दुखलाय माझा, म्या चोरी केली न्हाई."

माऊलीनं तिच्याकडं बघितलं, या वेळी घोट्याकडं नाही. मग खोक्यावर आपला नंबर लिहिला. "आत्ता दिवसभराचा पाय थोडा फुगलाय. उद्या सकाळी घरी परत मोजा अन् कळवा. फरक पडला तर बदलून देतो."

"सगळ्या गिऱ्हाइकांना नंबर देता?"

"गुडघेवाल्यांना न्हाई देत."

सकाळी माप तेच भरलं. तिनं तसं कळवलं, आणि एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण दुपारी त्याचा मेसेज आला — बोटं निळी पडतात का, मुंग्या येतात का? तिनं पायाच्या बोटांचा फोटो पाठवला. नखांना जांभळं पॉलिश होतं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "पट्टा बरोबर बसलाय. बाकी... बाकीबी छान हाय."

मग रोजच काही ना काही निघायचं. झोपताना काढा. हातानं धुवा, सावलीत वाळवा, उन्हात त्याचा ताण जातो. टाचेपाशी चुणी राहू देऊ नका. आणि एक दिवस त्यानं स्पष्टच सांगितलं, "पट्टा पाय बरा करत न्हाई, शेफाली. तो नुसता सांभाळतो. जोर तुमालाच आणायचाय. रोज एका पायावर उभं ऱ्हायचं."

"एकटीनं? येड्यासारखी?"

"एकटीनं कशाला. मीबी ऱ्हातो."

तेव्हापासून सकाळी सात वाजता विंझरच्या अंगणात ती आणि भाटघरच्या गोठ्यात तो, फोन कानाला लावून, एका पायावर उभे राहायचे. आधी ज्याचा पाय टेकेल तो हरला.

"टेकला ना? खरं सांगा."

"म्हशीनं ढकललं."

"काल वासरानं ढकललं, आज म्हशीनं. उद्या कोण?"

"उद्या... उद्या तुमीच या ढकलायला."

ती हसली, आणि तिचाही पाय टेकला.

वडील गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो चुलते कोंडिबांचा. त्यांनी शेफालीला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती, शाळेत घातलं होतं. प्रेम होतं, पण शब्द त्यांचाच. सतरा डिसेंबरला, रविवारी तीन वाजता, वेल्ह्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. कोंडिबांनी तिला बघायला सारोळ्याचे पाहुणे नेमके त्याच दिवशी बोलावले.

"तो पट्टा काढ," पाहुणे ओसरीवर बसल्यावर ते आत येऊन म्हणाले. "पायात खोड हाय असं वाटंल."

"खोड न्हाई, काका. मुरगळला हुता."

"मग साडी खाली सोड. झाकंल."

शेफालीनं साडी चार बोटं वर खोचली आणि पोह्यांचं ताट घेऊन बाहेर गेली.

मुलाची आई फुलाबाई. तिनं आधी घोटाच बघितला. "पायाला काय झालं गं?"

"कबड्डीत मुरगळला, मावशी. आता बरा हाय. तीनला वेल्ह्यात निवड हाय, म्हणून घालून ठेवलाय."

मुलगा मोबाईलमध्ये बघत होता.

"लगीन झाल्यावर सोडशीलच की," फुलाबाई म्हणाली.

"न्हाई सोडणार. आत्ताच सांगते, मागनं फसवलं असं नको."

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. गाडी लांब गेल्यावर कोंडिबा दारात उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता.

"आज वेल्ह्याला गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार न्हाई. परत कधीच न्हाई."

शेफालीचे डोळे भरले. या माणसाचा शब्द ती ओळखून होती. आत रतनबाई चुलीकडं तोंड करून, जणू चुलीलाच, म्हणाल्या, "अडीचची एसटी गेली तर पुढची साडेचारला हाय."

शेफालीनं बूट घेतले.

वेल्ह्याच्या मैदानावर माऊली तिच्या आधी पोचला होता. तिनं बसून पट्टा नीट केला, टाचेपाशी चुणी सपाट केली आणि आत गेली.

त्यानं सांगितलं होतं तसंच झालं. तिसऱ्या चढाईला समोरच्या कोपऱ्यातल्या पोरीनं काळा पट्टा हेरला आणि झेप घेऊन दोन्ही हातांनी तोच घोटा धरला. दुसरी कमरेला लटकली. शेफाली मातीत आडवी झाली. तोंडात कबड्डी-कबड्डी, दम संपत आलेला... तिनं दुसरा पाय रोवला, धरलेल्या घोट्यासकट त्या दोघींना हातभर ओढलं आणि बोटं मध्यरेषेला लावली.

निवडीतलं तिसरं नाव तिचं होतं.

मैदानाच्या कडेला तिनं पट्टा उतरवला. कातडीवर त्याची नक्षी उमटली होती. माऊलीनं पाण्याची बाटली पुढं केली.

"काका आता माझ्याशी बोलणार न्हाईत."

"माझ्यामुळं?"

"तुमचं नावबी त्यांना म्हाईत न्हाई. माझ्यामुळं." तिनं पट्ट्याची घडी केली. "नाव सांगायचं म्हणतेय. सांगू?"

माऊली बाटलीचं झाकण फिरवत राहिला. "दुकान मालकाचं हाय. जमीन म्हणशील तर... दीड एकर, तीबी तिघा भावांत."

"म्या जमीन इचारली न्हाई. लगीन झाल्यावर खेळ सोड म्हणणार का, ते सांगा."

"म्हणलं तर ऐकशील?"

"न्हाई."

"मग इचारतीस कशाला?"

"तुमच्या तोंडनं ऐकायचंय."

"खेळ." मग हळूच, खाली बघत, "केस पिकंपर्यंत खेळ. मी... मला तू लई आवडतीस, शेफाली. स्टँडवर एका पायावर हुतीस ना, तवापासनं."

तिनं त्याचा हात धरला. विंझरची निम्मी माणसं समोरच उभी होती.

"लोक बघत्यात," तो पुटपुटला.

"मलाबी दिसत्यात ती."

पुढच्या मे महिन्यात त्यांचं लग्न झालं. कोंडिबा आले नाहीत. शेफाली जिल्ह्याकडून दोन वर्षं खेळली. माहेरी गेली की ती काकांच्या ओसरीवर जाऊन बसायची, गावात काय चाललंय, मॅचला काय झालं ते सांगायची. ते ऐकायचे, बोलायचे नाहीत. उठून आतही जायचे नाहीत. तिनं कधी माफी मागितली नाही आणि त्यांनी शब्द मोडला नाही.

कोंडिबा विंझरच्या राहत्या घरी दोन हजार पंचवीस सालच्या नोव्हेंबरात, चार तारखेला, मंगळवारी सकाळी वारले.