टिप्याच्या अंगणातली तार

मुलांनो, समोर एक अंगण आहे असं समजा. नेकनूरहून बीडकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून, भिंत नसलेलं. आता त्या अंगणाभोवती वीतभर खोल एक तार पुरली आहे असंही समजा. भिंतीवरच्या पेटीतून तिच्यात बारीकसा करंट जातो. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा तारेजवळ आला की टीं-टीं वाजतो. कुत्रं तरीही पुढे गेलं, तर त्याला हलका झटका बसतो. अंगणाचे मालक, कापड दुकानदार सिद्धाराम यांच्या भावाने हे सगळं शहाण्णव साली अमेरिकेहून पाठवलं होतं.

तार तुटली, म्हणून मला बोलावणं आलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि गावातले रेडिओही दुरुस्त करायचो.

"गुरुजी, आज जमलं तर जमलं," सिद्धाराम म्हणाले. "टरकाखाली चेंदलेलं कुत्रं पोरीला दाखवायचं न्हाई मला. न्हाईतर बंकट घिऊन जाईल त्याला."

बंकट मेंढपाळ. शेजारच्या रानात खतासाठी त्याच्या मेंढ्या बसवल्या होत्या. बांधावर तंबाखू मळत तो म्हणाला, "द्या की. आमच्या माळावर टरक आला तर मीच हार घालीन त्याला."

सिद्धारामांची दहा वर्षांची कावेरी आपल्या कुत्र्याला, टिप्याला, कवटाळून ओट्यावर बसली होती. "नीट करा हं, गुरुजी. मी न्हाई देणार त्याला."

मी ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि जमिनीजवळ धरून चालू लागलो. खाली तार असली की रेडिओ घरघरतो; जिथे तुटली तिथे गप्प होतो. लिंबाच्या बुडाशी तो गप्प झाला. खुरप्याने उकरलं. दोन्ही टोकं पिळली, तापवलेल्या कथिलाचा डाग देऊन जोडली, वर काळी टेप गुंडाळली, माती ओढली. पेटीवर हिरवा दिवा लागला. पट्टा बांधलेल्या टिप्याला कावेरीने लिंबाकडे नेलं. टीं-टीं झालं, टिप्या मागे सरला. कावेरी खुदकन हसली.

मी हात धूत होतो, तेव्हा पट्टा पुन्हा वाजला. टिप्या तारेपासून चांगली दहा पावलं आत, रांजणाजवळ पडला होता.

"पट्टा बिघडला का काय?" सिद्धाराम म्हणाले.

टिप्या उठून ओट्याकडे सरकला. पट्टा थांबला. थोड्या वेळाने तो तिथेही वाजला.

मी ट्रान्झिस्टर घेऊन लिंबाकडे गेलो. शांतता. तसाच आत येत गेलो. रांजणापाशी घरघर. तिच्या मागे फिरलो, तर घरासकट पूर्ण फेरा झाला. आधीपेक्षा लहान.

लिंबासमोर, आतल्या बाजूला जिथे घरघर होती, तिथे बसलो. जमीन वर्षानुवर्षं सारवलेली, कुठे भेग नाही. खुरपं टणकन वाजलं. वीतभर खाली तार होती. तारेवर काळी टेप. मी बोट लावलं. आतला, मी दिलेला डाग अजून कोमट होता.

तेवढ्यात लाईट गेली. रोजची चारची वेळ. पेटीवरचा दिवा विझला.

सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर माझ्या हातात घरघरत राहिला.

मी टिप्याचा पट्टा सोडून ओट्यावर ठेवला. तो तिथे एकटाच वाजू लागला. टिप्या भिंतीला पाठ लावून लटलट कापत होता.

"पोरी, आण त्याला इकडं," बंकट बांधावरून हळूच म्हणाला. स्वतः मात्र एक पाऊल पुढे आला नाही. त्याच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या होत्या.

कावेरीने वडिलांकडे पाहिलं. "अप्पा, मीच देते टिप्याला."

"कावून गं?"

टिप्याला उचलून ती अंगणात उतरली. मोकळ्या, सपाट जागी थांबली. उंबरा ओलांडावा तसा एक पाय उंच उचलून पलीकडे टेकवला. मग दुसरा.

मी ट्रान्झिस्टर घेऊन तिथे गेलो. घरघर बरोबर तिथेच होती.

कावेरीने टिप्याला बंकटच्या हातात दिलं, त्याच्या कानामागे एकदा खाजवलं. मग डोळे पुसत परत त्या जागेपर्यंत आली आणि आत राहिलेल्या वडिलांकडे हात पसरला.

"या, अप्पा. पाय मातुर माझ्यापेक्षा वर उचला."