सिस्टर नाही म्हणणार

"जन्माच्या वेळी वजन?"

"दीड किलो," तो छाती फुगवून म्हणाला. "बटाटेसुद्धा लोक जास्त घेतात."

तीस वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात जी कमी वजनाची बाळं जन्मली, त्यांचं प्रेशर आता मोजायचं, हे माझं काम. जन्मताना वजन कमी असलं तर पुढे प्रेशर वाढू शकतं, असं डॉक्टर सांगतात. आठशे माणसं मोजली होती मी. वहीत एकही आकडा खोडलेला नव्हता. आणि हा लिफ्ट दुरुस्त करणारा, सव्वासहा फुटी दीडकिलो... मी दंडाला पट्टा गुंडाळताच वरचा आकडा एकशे बावन्न!

"पुढच्या आठवड्यात परत या."

"येतो की. पण मी सिस्टर नाही हं म्हणणार."

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांचं मला काय करायचंय?"

तीन आठवडे आला. तिन्ही वेळा एकशे पन्नासच्या वर. चौथ्यांदा डॉक्टरांनी स्वतः मोजलं – एकशे अठरा.

"सिस्टर, तुमचं माप चुकतंय. उद्यापासून हे काम दुसऱ्या कुणाला देऊ."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आठशे आकडे!

दीडकिलो ताडकन उठला. पट्टा दंडालाच होता, त्यामुळे यंत्रही उठलं.

"त्यांचं माप बरोबर आहे, डॉक्टर. त्यांनी हात धरला की... खरंच वाढतं."

डॉक्टरांनी शांतपणे चष्मा पुसला. "बघू. बसा. सिस्टर, तुम्ही खिडकीपाशी." एकशे अठरा. "दोन पावलं पुढे." एकशे चौतीस. "आता जरा हसा."

एकशे छप्पन्न.

डॉक्टरांनी वहीत लिहिलं – 'कारण : सिस्टर. माप अचूक.' मग म्हणाले, "काम तुमच्याकडेच राहील," आणि निघून गेले.

"तुमचं जन्माचं वजन किती?" त्यानं हळूच विचारलं.

"तीन किलो दोनशे."

"वा! आईला सून वजनदारच हवी आहे."

मी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला, नळी त्याच्या कानांत अडकवली, फुगा हातात दिला. "ठोका ऐकू आला की आकडा सांगा."

लिफ्टच्या मोटारी ऐकणारे कान त्याचे. तरी दोनदा ऐकलं.

"एकशे... बेचाळीस? चुकलं असेल माझं."

"मुळीच नाही," मी ताठ मानेनं म्हणाले, आणि वहीत आठशे दोनाव्या माणसाचा आकडा शाईनं लिहिला.